उतरताना डावीकडे

३ जानेवारी २००५

बियाण्याच्या एका कंपनीने क्लबला सहा डायऱ्या पाठवल्या. कशासाठी ते देव जाणे, आम्ही काही कापूस पेरत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी फवारणीचा सल्ला छापला आहे. शकुन म्हणाली, "घरात आदळआपट कराच्यापेक्षा त्याच्यात लिवा." बायकोचा सल्ला फवारणीच्या सल्ल्यापेक्षा बरा म्हणून लिहितो आहे.

अमरावतीच्या आमच्या फ्लाइंग क्लबात आता एक विमान, एक शिक्षक म्हणजे मी, आणि एक मिस्त्री म्हणजे अचलपूरचा रहमतुल्ला, एवढेच उरलो. दोन वर्षांपूर्वी नऊ विद्यार्थी होते. ज्यांच्या घरी कापूस पडून राहिला ती पोरं एकेक करून गेली. आज येताना बडनेऱ्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग परवापेक्षा लांब दिसली. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली झोपलेली.

उरली एक निखत. रहमतुल्लाचीच मुलगी. वय एकवीस. बापाच्या हाताखाली पाने-पकडी पुसत मोठी झाली. मोठ्या संस्थेत तिला पुढचं शिक्षण फुकट मिळणार आहे, पण अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत एकटीने विमान उडवून उतरवल्याचा दाखला हवा. दाखला शिक्षकाने द्यायचा. "जानेवारीतच उडवतो तुला," असं मी बोलून बसलो आहे.

विमानाला रहमतुल्ला 'बुढी' म्हणतो. दोन माणसांचं, कापडी पंखांचं. मोठी दोन चाकं पुढे, आणि एक एवढंसं चाक शेपटीखाली. अशा विमानाचं वजन मोठ्या चाकांच्या मागे असतं. उतरल्यावर नाक जरा वाकडं झालं, की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. म्हणून चाकं टेकली तरी पाय चालूच ठेवायचे, डावं पेडल, उजवं पेडल, पार थांबेपर्यंत. हे मी चोवीस वर्षं सांगतो आहे. आता सांगताना मलाच जांभई येते.

९ जानेवारी

आज चारदा उतरलो. चारही वेळा चाकं टेकली की नाक डावीकडे. चौथ्या वेळी तर थेट गवतात.

"पाय कुठे होते तुझे?"

"उजव्या पेडलवर होता सर. दाबून राहिली होती, पण ते जाईचना. कोनी उलटं धरून ठेवल्यासारखं."

"कोण धरेल? भूत?"

तिने वाकून पेडलांकडे पाहिलं. बहाणा सांगणाऱ्या विद्यार्थ्याची मला चीड येते, पण ही तशी नव्हती. म्हणून जास्तच चीड आली.

शिक्षक उजवीकडे बसतो, विद्यार्थी डावीकडे. दोघांच्या पायाशी आपापली पेडलं, खालून एकमेकांना जोडलेली. पण विद्यार्थी उतरवत असताना माझे पाय मागे, फरशीवर. माझा जुना नियम. मी फक्त तिच्या बाजूला झुकून बाहेर बघतो, तिला धावपट्टी कशी दिसते ते कळावं म्हणून.

१३ जानेवारी

रहमतुल्लाने मागचं चाक पूर्ण उघडलं. स्प्रिंग बदलली, तारा ताणून पाहिल्या, अर्धा दिवस बुढीच्या पोटाखाली पडून होता. बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "सायेब, बुढीत खोट नाई."

"मग डावीकडे का ओढते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बुढीकडे. "खुदा जाने," म्हणाला.

संध्याकाळी थंडी होती. शकुनने पाय शेकायला बादलीत पाणी दिलं. मी पाय बुडवून पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने तिने पाण्यात बोट घातलं आणि किंचाळलीच. "अवो, केवढं कढत हाय हे! तुमाले लागून नाई राहिलं?" मला तर बरं वाटत होतं. या बाईला कशाचाही बाऊ करायची सवय आहे. पायाची साल जरा निघाली आहे, तेवढंच.

१९ जानेवारी

आज मीच एकटा उडालो, म्हटलं सोक्षमोक्ष लावू. उतरताना थोडी डावीकडे गेली. सावरली. म्हणजे वारा. डोंगराकडून हिवाळ्यात असा आडवा झोत येतो, दिसत नाही पण असतो. निखतला तसं सांगितलं. तिने आकाशाकडे पाहिलं. धावपट्टीवरची वाऱ्याची झोळी खांबाला चिकटून लोंबत होती. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, पण झोळी फाटकी आहे, तिचं काय धरायचं.

विमानाकडून ऑफिसात आलो तर बंडू मागून पळत आला, हातात माझी एक चप्पल. "काका, मांगं राह्यली." बंडू चांदूर रेल्वेचा, त्याचं लायसन झालेलं आहे, अधूनमधून तास भरायला येतो. दोघंही हसलो. वय झालं.

साखरेच्या आजाराच्या गोळ्या महिनाभर घेतल्या नाहीत आणि काही बिघडलं नाही. पायांना मुंग्या यायच्या, त्याही दिवाळीपासून बंद झाल्या. उगाच गोळ्या गिळत होतो.

२२ जानेवारी

बंडूने आज एकट्याने तीनदा उतरवली. सुतात. मग निखत माझ्याबरोबर, दोनदा. दोन्ही वेळा डावीकडे.

आता मला शंका नाही. विमान चांगलं आहे. वारा आज नव्हता. राहिली कोण?

तिला सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. "तुझे हात चांगले आहेत निखत. पाय नाहीत. काही जणांना नसतात."

तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. "अजून करू सर," एवढंच म्हणाली. मला फार थकल्यासारखं झालं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी कधीच घरी पाठवलं असतं.

२९ जानेवारी

व्हायचं ते झालं.

सकाळी सव्वाआठ. चाकं अलगद टेकली, याहून चांगली मीही टेकवली नसती. मग नाक डावीकडे निघालं. ती ओरडली, "सर, उजवा! उजवा जाऊन नाई राहिला!" मी म्हणालो, दाब. ती सीटमधून जवळजवळ उभी राहून दाबत होती, मला तिच्या मानेच्या शिरा दिसल्या. आणि बुढी गर्रकन फिरली. उजवा पंख जमिनीला घासला, धूळच धूळ, इंजिन बंद, आणि आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून उभे.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रहमतुल्ला हँगरपासून पळत आला. आधी मुलीकडे पाहील असं वाटलं, पण त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मला विचित्र वाटलं. मी म्हणालो, "ठीक आहे मी." मग तो फाटलेल्या पंखाजवळ जाऊन बसला.

३१ जानेवारी

अहवाल वरच्या कार्यालयाला पाठवावा लागतो. लिहिला. 'विद्यार्थिनीने उतरल्यानंतर उजव्या पेडलचा पुरेसा वापर केला नाही. शिक्षकाने हस्तक्षेप करण्यापूर्वी विमान फिरले.' शब्दन्‌शब्द खरा आहे, तरी तीनदा लिहिला.

खाली तिची सही लागते. रहमतुल्ला दारात उभा होता. तिने पूर्ण वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग बापाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने सही केली.

मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस." ती "जी" म्हणाली आणि निघून गेली. एरवी ती मला "हो सर" म्हणते.

७ फेब्रुवारी

रहमतुल्ला पंखाला नवं कापड शिवतो आहे. निखत रोज येते, वरून लेप देते, त्या वासाने डोळे चुरचुरतात. दोघं बोलत नाहीत. मी गेलो की दोघंही उठून उभे राहतात. वीस वर्षांत या माणसाने मला बसून उत्तर दिलं नाही. बरं वाटायचं आधी. हल्ली वाटतं, बसला असता तर काहीतरी बोलला असता.

एकवीस दिवस उरले.

१७ फेब्रुवारी

बुढी तयार झाली. आज पहिल्यांदा निखतबरोबर उडालो. दोनदा उतरलो, दोन्ही वेळा डावीकडे, पण हळू आलो होतो म्हणून निभावलं.

खाली उतरलो तर रहमतुल्ला दार धरून उभा. "सायेब, जरा पाह्यता का."

दोन भाग एकमेकांना कुठे घासतात ते बघायचं असलं की तो त्यांना काजळ लावतो. घरचंच, जहाँआरा भाभी पाडतात ते. पुसलं गेलं, तिथे घासतं. ही त्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्याने चारही पेडलांना काजळ लावलं होतं. निखतची दोन्ही पेडलं पुसली गेली होती, ते बरोबरच. माझं उजवं पेडल काळंभोर, कुणी बोटही न लावलेलं. माझं डावं पेडल लख्ख.

"तुमी म्हनता का उतरताना तुमचे पाय खाली राह्यतात," तो म्हणाला. आवाज अगदी लहान.

मी डाव्या बुटाचा तळ वर केला. काळा होता.

मग मी त्याला नाही नाही ते बोललो. चढताना पाय लागला असेल म्हणालो. मुलीसाठी माणूस किती खाली उतरतो तेही म्हणालो. तो ऐकत उभा राहिला. निखत विमानाच्या पलीकडे होती, तिने सगळं ऐकलं.

चढताना पाय लागला असेल. लागूच शकतो.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस क्लबात गेलो नाही. आज दुपारी जेवण झाल्यावर शकुनला म्हणालो, "मी डोळे मिटतो. तू माझ्या एका पायाला हात लाव. मी सांगतो कोणता."

"हे काय खूळ?"

"लाव तर."

डोळे मिटून बसलो. वाट पाहिली. बाहेर भाजीवाली ओरडून गेली. मी म्हणालो, "अगं लाव ना."

डोळे उघडले. ती खाली बसलेली, माझा डावा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, बोटं पांढरी होईपर्यंत. केव्हापासून धरला होता कोण जाणे. रडत होती.

ऑक्टोबरात माझी वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा डॉक्टरने विचारलं होतं, पायाला मुंग्या येतात का. मी नाही म्हणालो. तेव्हा येत होत्या. त्या थांबल्या तेव्हा मी खूश झालो.

पाय फरशीवर आहे असं मी समजत होतो, कारण मी तो तिथे ठेवला होता. तिच्या बाजूला झुकलो की तो पेडलवर सरकत होता. माझं सगळं वजन त्या पोरीच्या विरुद्ध. आणि मी तिला सांगत होतो की तुला पाय नाहीत. मला स्वतःची किळस येते आहे, हे इथे लिहून ठेवतो.

२० फेब्रुवारी

सकाळच्या एसटीने अचलपूरला रहमतुल्लाच्या घरी गेलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. जहाँआरा भाभींची तारांबळ उडाली. मी जमिनीवर बसलो, म्हणून नाइलाजाने रहमतुल्लाही बसला. सांगितलं सगळं.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. बराच वेळ तो सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

"पोरीनं मले जानेवारीतच सांगतलं होतं सायेब. पयल्याच आठवड्यात. बाबा, सरचा पाय पेडलवर राह्यते, त्याइले मालूम नाई."

"मग बोलला का नाही?"

"कसं बोलनार? उस्तादाकडं बोट दाखवाव का? मीच तिले म्हनलं, चूप राय. पंख मोडला तवा बी मीच म्हनलं, सही कर. वाटलं, तुमाले आपोआप समजन." मग म्हणाला, "माही बी खता हायच, माही बी चूक."

दोघांचा जीव जाऊ शकत होता, आणि हा माणूस माझा मान ठेवत होता. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चहा प्यायलो. निखत आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही.

आता प्रश्न असा. मी खरं कळवलं की माझं उडणं त्या दिवशी बंद. मग दाखला कोण देणार? आठ दिवस उरले. गप्प राहिलो तर अठ्ठावीसला दाखल्यावर सही करता येईल, नंतर काय ते कळवता येईल. परतीच्या एसटीत परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत हाच हिशेब करत होतो. पण ती नीट उतरवते की नाही हे मला ठाऊकच नाही. मी ते एकदाही पाहिलेलं नाही. आणि पाहायला मी शेजारी बसायचं म्हणजे पुन्हा तोच पाय.

घरी आल्यावर अकोल्याला देवरावला फोन लावला. मी ज्याला कधीच मोठा शिक्षक मानलं नाही, आणि हे चारचौघांत बोललोही आहे, तो देवराव. निवृत्त आहे, पण कागद अजून चालू आहेत. त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "उद्या गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाचं हाय. परवा येतो."

२१ फेब्रुवारी

नवा अहवाल लिहिला. चूक शिक्षकाची, विद्यार्थिनीची नाही; पायाचं कारण सोबत जोडलं. वैद्यकीय कागद परत केले. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. जुना अहवाल परत मिळत नाही, दोन्ही एकाच फाईलला राहतील असं तिथला कारकून फोनवर म्हणाला.

शकुनने गोळ्या हातावर ठेवल्या. घेतल्या.

२३ फेब्रुवारी

देवराव काल पॅसेंजरने आला. आज सकाळी तो उजवीकडे, निखत डावीकडे. मी रहमतुल्लाजवळ धावपट्टीच्या कडेला उभा. माझ्या विद्यार्थ्याला दुसरा कुणी शिकवतो आहे आणि मी खाली उभा, असं चोवीस वर्षांत झालं नव्हतं.

चाकं टेकली आणि नाक उजवीकडे गेलं. जोरात. देवरावने सावरलं. दुसऱ्यांदाही उजवीकडे. तिसऱ्यांदाही.

देवराव लंगडत खाली उतरला. "वामनराव, हे तुमी काय शिकवलं पोरीले? टेकली रे टेकली का उजवा पाय गच्च दाबते."

मला कळलं. निखतलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. सगळ्यांसमोर.

"दीड महिना मी तुमच्या पायाशी लढली सर! आता पाय नाई तरी माहा पाय लढूनच राहिला. ते मी कसं काढू? सांगा ना, कसं काढू?"

रहमतुल्ला "निखत!" म्हणाला. मी त्याला थांबवलं. निदान तिला बोलू तरी द्यायचं होतं.

देवराव म्हणाला, "उजवा बूट काढ. उद्यापासून अनवानी पायानं चालवाचं. पेडल काय म्हनते ते पायाले ऐकू येऊ दे."

२६ फेब्रुवारी

आज अकरा वेळा उतरली. सहा सरळ, पाच उजवीकडे. देवराव तिच्यावर आवाज चढवत नाही. मी चढवत असे. देवराव चांगला शिक्षक आहे.

तो रात्रीच्या मुक्कामाला आमच्याकडेच आहे. माझं नाव काढत नाही, गुडघ्याबद्दल बोलतो. त्याचे उपकार आहेत.

२८ फेब्रुवारी

सकाळी देवरावबरोबर चार वेळा. तीन सरळ, एक उजवीकडे, पण तिने स्वतः सावरली. देवराव खाली उतरला, दार लावलं, आणि तिला बोटाने वर दाखवलं. जा.

मला बसवत नव्हतं. रहमतुल्ला ओठातल्या ओठात काही म्हणत होता. बुढी एकटीच वर गेली, बडनेऱ्याच्या बाजूने वळली, उन्हात पंखाचं नवं कापड वेगळं दिसत होतं. मग ती खाली येऊ लागली. खूप सावकाश वाटलं.

चाकं टेकली. नाक उजवीकडे वळलं.

रहमतुल्लाने माझा दंड धरला. मी काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही. नाक अजून थोडं उजवीकडे गेलं, पंख कलला, आणि मग जणू कुणी हात सोडला तसं ते परत आलं. डावं, उजवं, डावं, उजवं. ती सरळ धावत आली आणि बरोबर मधोमध थांबली.

ती एका पायात बूट, एक पाय उघडा, अशी खाली उतरली. आधी बापाकडे गेली. मग देवरावकडे. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर ना राग, ना हसू, नुसती दमलेली.

"टेकल्यावर माह्या पायानं तुमचा पाय शोधला सर," ती म्हणाली. "नव्हता. मंग मी सोडून देलं."

"बरं केलंस," मी म्हणालो.

दाखला पाच वाजता फॅक्सने गेला. शिक्षकाच्या जागी सही देवरावची आहे.